प्रेसच्या मागून आलेला शब्द

कॉलेजने मला फसवलं. पंधरा दिवस शिक्षक पाठवतो असा शब्द दिला आणि पाठवली एक दुपार. माझ्यापुरतं मी बघून घेतलं असतं. धंद्यात माणूस फसतो, चार शिव्या देतो आणि पुढच्या सौद्याला लागतो. पण त्याच दुपारी कॉलेजने आपल्या विद्यार्थ्यांनाही फसवलं, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. हे दुसरं माझ्या घशाखाली उतरत नाही.

पुन्हा मे आला आहे. चाकणच्या बाजारातून निघालेले कांद्याचे ट्रक हायवेला अडकून पडतात आणि त्या वासाने अख्खी दुपार आंबते. कंपन्यांच्या बस पडदे ओढून जातात, आत माणसं माना टाकून झोपलेली. माझ्या शॉपचा, म्हणजे लोखंड ठोकणाऱ्या प्रेसच्या शेडचा, पत्रा उन्हं चढली की तडकल्यासारखा वाजायला लागतो. नवा माणूस प्रत्येक आवाजाला वर बघतो, जुना बघत नाही. मीही बघत नसे. या वर्षी बघतो. पत्रा वाजला की माझी नजर आधी प्रेसच्या मागे जाते, तिथे कोणाचा हात आहे का ते पाहायला.

हा महिना मला पूर्वी आवडायचा. आमच्या गावची माणसं जमिनी विकून गाड्या घेत होती तेव्हा माझ्याकडे विकायला गुंठाही नव्हता. कोणाच्या तरी शॉपमध्ये हेल्पर म्हणून शिरलो तो मे महिन्यातच. तापलेल्या लोखंडाचा, तेलाचा आणि नव्या बुटांच्या रबराचा मिळून एक वास असतो, तो मला नशिबाचा वास वाटायचा. पुढे स्वतःच्या प्रेस उभ्या राहिल्या, गाड्यांच्या सीटखाली लागणारे ब्रॅकेट आम्ही ठोकायला लागलो, पिंपळे सौदागरला फ्लॅट झाला, मुलगी याच कॉलेजात इंजिनिअरिंगला गेली. तो वास तसाच राहिला. आता त्यात आणखी एक वास मिसळला आहे, नव्या फ्लेक्सचा. छपाईच्या रंगाचा तो गोडसर, डोकं चढवणारा वास.

कारण मे हा शिक्षकांना शिकवायचा हंगाम आहे. परीक्षा संपतात, वर्ग रिकामे होतात आणि कॉलेजच्या कमानीवर फ्लेक्स चढतात. त्या कार्यक्रमाला इंग्रजीत लांबलचक नाव आहे, पण सगळे एफडीपी म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, बँकेत ठेव ठेवायला बोलावताहेत. सईने, माझ्या मुलीने, हसून सांगितलं, "पप्पा, सरांना शिकवतात त्यात. चांगलं कसं शिकवायचं ते." मी म्हटलं, मग तर ठेवच आहे ती. आज ठेवलं तर उद्या पोरांना मिळेल.

मला ही कल्पना मनापासून पटली होती, हे लिहून ठेवतो. नाहीतर लोक म्हणतील, कारखानदार आहे, मास्तरांना नावं ठेवायला मिळाली की खूश. मी मास्तरांना नावं ठेवत नाही. वर्गात उभं राहून साठ जणांना एकाच वेळी एक गोष्ट समजावणं मला जन्मात जमणार नाही. माझ्याकडे एकाला समजावताना तिघं ऐकतात आणि चौथा मोबाईल बघतो, मग मी ओरडतो. शिकवणं ही कसब लागणारी गोष्ट आहे आणि कसबाला धार लावावी लागते, एवढंच मी म्हणत होतो. धार लावायचा दगड माझ्याकडे होता. प्रेस होत्या, माणसं होती, चूक झाली तर तिथल्या तिथे आवाज करणारं लोखंड होतं.

सौदा दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात कॉलेजच्या डायरेक्टरच्या केबिनमध्ये झाला. एसी इतका गार की चहा कपातच निवला. मी माझ्या अटी सांगितल्या. पूर्ण पंधरा दिवस, पहिल्या शिफ्टला हजर, प्रत्येकाने मशिनवर उभं राहायचं आणि सेफ्टी बूट ज्याचे त्याने आणायचे. त्या बदल्यात एक प्रेस मी त्यांच्यासाठी मोकळी ठेवणार होतो. आपण दहा मागावं, समोरच्याने चार द्यावं आणि सहावर चहा प्यावा, ही माझी पद्धत. पंधरा मागताना माझ्या मनात आठ होते.

डायरेक्टर म्हणाले, "डन, शेठ. डन."

मी तिथेच सावध व्हायला हवं होतं. जो माणूस पहिल्या बोलीला मान हलवतो त्याला एक तर मालाची किंमत कळत नाही, नाहीतर त्याला काही द्यायचंच नसतं. डायरेक्टरांना किंमत कळत नव्हती असं मी म्हणणार नाही. हुशार माणूस आहे.

ती दुपार मला आजही तुकड्या-तुकड्यांनी आठवते. एसी बस गेटात वळली. इस्त्रीचे शर्ट, पॉलिश केलेले काळे बूट, दोघा-तिघांच्या पायात चपला. फोटोग्राफर आधी उतरला. सगळ्यात मोठ्या प्रेससमोर सगळे ओळीने उभे राहिले आणि दोन शिपायांनी फ्लेक्स आणून प्रेसलाच बांधला, एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत ताणून.

नागनाथ माझा सेटर, प्रेसमध्ये साचा बसवणारा. लातूरकडचा माणूस, माझ्याकडे आला तेव्हा त्याला मिशी नव्हती. तो तिकडून धावतच आला.

"ओ सायेब, काढा ते आधी! लाल बटण झाकलं नव्हं का!"

प्रेस जिथल्या तिथे थांबवायचं बटण त्या फ्लेक्सच्या मागे गेलं होतं. फ्लेक्सवर बरोबर त्याच जागी 'गुणवत्ता' हा शब्द आला होता. मागे मोटार चालू होती.

फोटोग्राफर म्हणाला, "दोनच मिनिटं, काका."

"तेवढ्यात माणूस जातो," नागनाथ म्हणाला आणि त्याने मोटार बंद केली. फोटो निघाला. फोटोत सगळे हसत आहेत, नागनाथ एका कडेला अर्धा आला आहे आणि तो हसत नाही. तो फोटो कॉलेजच्या पायऱ्या चढताना उजव्या हाताला लावलाय. समोशाच्या प्लेटा रिकाम्या झाल्या, बस वळली आणि गेली. दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही.

म्हणजे एक जण आली. गायकवाड मॅडम.

उत्पादन प्रक्रिया हा विषय शिकवायच्या. वय असेल तिशीच्या आसपास. चाकण चौकात शेअर रिक्षा बदलून, घामाने डबडबून पहिल्या शिफ्टला गेटवर उभ्या. पायात मोठे सेफ्टी बूट. वडील पिंपरीला कंपनीत होते, त्यांचे बूट. पुढे कापूस कोंबलेला, चालताना टपटप आवाज यायचा. मी विचारलं, "बाकीचे कुठं?" त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही. मला पंधरा दिवस सांगितले होते."

नागनाथ आधी त्यांना टाळत होता. "मालक, मॅडमला हाफिसात बसवा की. तेल उडतंय हितं." मॅडम ऑफिसात बसल्या नाहीत. पुढून दोन दिवस काम बघितलं, मग मागे गेल्या.

मोठ्या प्रेसला दोन माणसं लागतात. पुढचा दोन्ही हातांनी दोन बटणं दाबतो, तेव्हा रॅम, म्हणजे वरचं वजन, डायवर, म्हणजे साच्यावर, खाली येतं. मागचा चिमट्याने तयार तुकडा बाहेर काढतो. मध्ये प्रेसचं एवढं मोठं धूड असतं की पुढच्याला मागचा दिसत नाही. फक्त आवाज जातो-येतो. पुढचा विचारतो, "खाली?" मागचा म्हणतो, "खाली!" मग दोन बटणं, मग धाड. पुन्हा "खाली?", पुन्हा "खाली!", पुन्हा धाड. अख्खी शिफ्ट हाच पाढा चालतो. पंचवीस वर्षं मी तो ऐकत होतो, म्हणजे खरं तर ऐकत नव्हतो.

मॅडम मागे उभं राहून बराच वेळ ऐकत होत्या. मग प्रेस थांबवायला लावली.

"नागनाथभाऊ, खाली म्हणजे काय?"

नागनाथ हसला. "खाली म्हणजे खाली, मॅडम."

"म्हणजे डाय रिकामी आहे, की रॅम खाली घ्या?"

"डाय रिकामी. हे हिंदीतलं खाली हाय. आपली निम्मी पोरं बिहारची, म्हून समदे तसंच म्हंत्यात."

"आणि मागे मराठी मुलगा असला तर? त्याच्या हातातून काही पडलं आणि तो म्हणाला, खाली... खाली पडलं, थांबा. तर पुढच्याला काय ऐकू जाईल?"

नागनाथने चिमटा प्रेसच्या कडेला ठेवला, अगदी हळू, आवाज न करता. वर पत्रा वाजत होता.

मग नागनाथ म्हणाला, "बगून कळतंय की, मॅडम."

"मागून काय दिसतं?" मॅडम म्हणाल्या.

एकच शब्द. एका भाषेत 'सुरू करा' आणि दुसऱ्या भाषेत 'थांबा'. चाकणपासून भोसरीपर्यंत किती शॉपमध्ये तो दिवसभर ओरडला जात असेल. आम्हाला तो ऐकू येत नव्हता, कारण आम्ही त्यातच वाढलो. कॉलेजातल्या लोकांना ऐकू येत नव्हता, कारण ते तिथे आलेच नव्हते. तो ऐकायला वर्गात शब्दांचा नीट अर्थ सांगायची सवय असलेलं माणूसच लागत होतं, आणि ते माणूस प्रेसच्या मागे उभं असावं लागत होतं. शिक्षकाला शॉपवर आणायचं ते ह्यासाठी. मलाही ते त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत सगळे नवा शब्द शोधायला बसले. मॅडम म्हणाल्या, "रिकामं." बिहारच्या मुन्नाला ते म्हणता येईना, तो "रिकमा, रिकमा" करत राहिला आणि पोरं लोळून हसली. कोणी म्हणालं, "ओके." नागनाथ म्हणाला, "ओके तर हितं बिडी मागितली तरी म्हंत्यात." शेवटी मॅडमनीच काढला: साफ. हिंदीत साफ, मराठीत साफ, दुसरा अर्थ नाही. "साफ?" "साफ!" नागनाथने पिवळ्या रंगाचा डबा आणला आणि प्रेसच्या मागे हातभर अक्षरांत लिहिलं. स ची शेपटी जरा वाकडी आली आहे.

मॅडम म्हणाल्या, "शेठ, मुलं इंटर्नशिपला निघण्याआधी मी हे वर्गात करून घेणार आहे. टेबलं मांडायची, मध्ये पडदा लावायचा, एक जण पुढे आणि एक मागे. फक्त आवाजावर. अजून काय काय सापडतं बघू या, दहा-बारा दिवस आहेत अजून."

दुसऱ्या दिवशी त्यांना फोन आला. मी शेजारीच होतो. पलीकडचा आवाज मोठा होता. मूल्यांकनाची कमिटी येणार, फायली लावायच्या, ताबडतोब या. मॅडम म्हणाल्या, "सर, माझं ट्रेनिंग चालू आहे." पलीकडून उत्तर आलं, "ते झालंय. फोटो आलेत."

त्या गेल्या. गेटपर्यंत टपटप बूट वाजत होते.

सगळ्या शिक्षकांना पंधरा दिवसांचं प्रमाणपत्र मिळालं. कॉलेजनेच छापलं, कॉलेजनेच वाटलं. त्या प्रमाणपत्रावर वर्गात शिकवायची गुणवत्ता वाढली असं धरलं गेलं आणि कमिटी समाधानाने परत गेली. मॅडमनी इंटर्नशिपच्या आधी एक तास मागितला. उत्तर मिळालं, अभ्यासक्रमात बसत नाही, आणि तुमच्याकडे फायली आहेत.

मी तेव्हा डायरेक्टरांच्या केबिनमध्ये जाऊन भांडलो होतो. कप इतक्या जोरात ठेवला की बशी फुटली. ते म्हणाले, "शेठ, तुमचं नुकसान काय झालं?" मागितलेला माल आला नाही, एवढंच मी ओरडत राहिलो. नुकसान अजून व्हायचं होतं, म्हणून दाखवता येत नव्हतं.

ते या हिवाळ्यात झालं. माझ्या शॉपमध्ये नाही. हायवेच्या पलीकडे दुसऱ्या एका शॉपमध्ये. नागनाथचा मेहुणा तिथे कामाला आहे. नागनाथ दुपारी माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला, टोपी काढून. टोपी तो कधी काढत नाही.

"मालक, कालेजचं पोरगं व्हतं. मागच्या अंगाला. चिमट्यातनं तुकडा निसटला, डायमधी पडला. काढाया वाकलं."

मला पुढचं विचारायची गरज नव्हती. तरी तो म्हणाला.

"खाली म्हनलं ते."

पुढच्याने दोन बटणं दाबली. त्याचाही दोष म्हणता येत नाही. त्याला जे उत्तर रोज मिळत होतं तेच मिळालं होतं.

मुलाचं नाव ओंकार, इंटर्नशिपच्या पहिल्या तुकडीतला. उजव्या हाताची बोटं गेली. मी मॅडमना फोन केला, कारण कोणाला तरी करायलाच हवा होता. त्यांच्या मागे कुठेतरी झेरॉक्स मशीन चालल्यासारखी खरखर येत होती. मग त्यांनी एवढंच विचारलं, "तो काय म्हणाला होता?" मी सांगितलं. त्यांनी फोन ठेवला नाही. ती खरखर मी ऐकत राहिलो.

कॉलेजने चौकशी केली. विद्यार्थ्याचा निष्काळजीपणा, असं ठरलं. डायरेक्टर मला म्हणाले, "शेठ, इमोशनल होऊ नका. सेफ्टीचं युनिट आमच्याकडे पूर्ण शिकवलं जातं." ते खोटं बोलत नव्हते, हीच तर भीतीची गोष्ट आहे. परवा सईची परीक्षा संपली. ओंकार तिच्याच वर्गात. त्याला लेखनिक दिला होता. तो सांगत होता, लेखनिक लिहीत होता. सई म्हणाली, "पप्पा, पेपरमध्ये पॉवर प्रेसच्या सुरक्षेचा प्रश्न होता. बाहेर आल्यावर आम्ही उत्तरं ताडून बघितली. ओंकारचे सगळे मुद्दे बरोबर आहेत."

ज्याची बोटं गेली तो सुरक्षेच्या प्रश्नाला पूर्ण मार्कांचं उत्तर देऊ शकतो, म्हणजे शिकवणाऱ्याने अभ्यासक्रमात होतं ते सगळं शिकवलं आहे. फक्त तो एक शब्द शिकवलेला नाही, कारण तो कुठल्याच पुस्तकात नाही. तो प्रेसच्या मागे आहे.

जूनमध्ये सईच्या वर्गातली दुसरी तुकडी निघेल. सई त्यात आहे. कॉलेजचा नियम आहे, नातेवाइकाकडे इंटर्नशिप चालत नाही. ती कुठल्या शॉपमध्ये जाईल हे अजून ठरलेलं नाही. मी तिला घरीच 'साफ' शिकवलं आहे, डायनिंग टेबलाच्या दोन बाजूंना उभं राहून. बायको म्हणाली, "डोक्यावर परिणाम झालाय तुमच्या." झाला असेल. पण सईने साफ म्हणून काय होणार? समोरचा 'खाली'च विचारणार, आणि चमचा टेबलाखाली पडला तेव्हा मी शिकवलेली माझी मुलगी दचकून काय म्हणाली ते मी ऐकलं आहे. आणि बाकीच्या वर्गाला मी कोणत्या टेबलाभोवती उभं करू? हायवेवरून जाताना दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या शेडमधून धाड-धाड ऐकू येतं. पूर्वी त्यात मला धंदा ऐकू यायचा. आता दोन धाडींच्या मधली जागा ऐकू येते.

काल कॉलेजच्या कमानीवर नवा फ्लेक्स चढला. गुलमोहराच्या फांद्या मध्ये येत होत्या म्हणून तोडून खाली टाकल्या होत्या, त्यांच्यावरून गाड्या जात होत्या. आणि आज सकाळी डायरेक्टरांचा फोन. "शेठ, यंदाही तुमचं सहकार्य हवं. पंधरा दिवस. एखादी दुपार ठरवू या."

आवाजात अवघडलेपण नव्हतं. पंधरा दिवस आणि एक दुपार या दोन गोष्टी त्यांनी एका श्वासात म्हटल्या आणि त्यांना त्यात काही विसंगत वाटलं नाही. मी ओरडलो नाही. मी कधी ओरडलो नाही तर नागनाथ लांब जाऊन उभा राहतो. तो तसाच जाऊन उभा राहिला.

मी म्हटलं, देतो. अटी लिहून घ्या, आणि यंदा घासाघीस नाही. गायकवाड मॅडम पूर्ण पंधरा दिवस येतील आणि त्या काळात त्यांना फायलीसाठी फोन येणार नाही. त्यांच्याबरोबर हा विषय शिकवणारा प्रत्येक जण प्रेसच्या मागे उभा राहील. मॅडमचा तास झाल्याशिवाय एकही मुलगा, एकही मुलगी शॉपच्या गेटात पाऊल टाकणार नाही. फ्लेक्स आणायचा नाही.

डायरेक्टर म्हणाले, "बघू, शेठ. मॅनेजमेंटला विचारतो."

या वेळी 'डन' आलं नाही. म्हणजे त्यांना किंमत कळली आहे.

म्हणून शेवटची अट इथे सगळ्यांसमोर मांडतो. डायरेक्टर साहेब, पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः या. एसी बस गेटाबाहेर ठेवा. सगळ्यात मोठ्या प्रेसच्या मागे, त्या वाकड्या शेपटीच्या पिवळ्या अक्षरांपाशी तुम्हाला उभं करतो. ओंकारला मी बोलावलं आहे, तो तुमच्या शेजारी असेल. मोटार बंद असेल, तेवढी खात्री देतो. चिमट्यातून तुकडा पडेल आणि तुम्ही वाकाल. पुढून नागनाथ विचारेल, "खाली?"

तिथे कमिटी नसेल, फोटोग्राफर नसेल. तुम्हाला पुढचा माणूस दिसणार नाही, त्याला तुम्ही दिसणार नाही. ओंकारकडे बघा आणि उत्तर द्या, साहेब. मोठ्याने द्या.